माळकऱ्यांची भाकरी

गेल्या मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी, दारू न पिणाऱ्या आठही उंदरांचं वजन वाढलेलं निघालं. तसं व्हायला नको होतं.

वर्तमानपत्रातली माझी सुट्टी सोमवारी असते. त्या दिवशी मी बायकोच्या प्रयोगशाळेत वजनं लिहून घ्यायला बसायचो. दारू दीर्घकाळ पोटात जात राहिली तर चयापचयात आणि संप्रेरकांत काय बदलतं, हा तिच्या पीएचडीचा विषय. आठ उंदरांना पाण्यातून मोजकी दारू मिळे. ते हळूहळू कमी खाऊ लागले. पिणाऱ्यांनी आदल्या दिवशी जेवढं खाल्लं, तेवढंच खाद्य मग न पिणाऱ्या आठांना तोलून दिलं जाई. दारूतली ऊर्जा भरून निघावी म्हणून त्यांच्या पाण्यात साखर असे. असं केलं तरच रक्तातला फरक दारूमुळे आहे की उपासमारीमुळे, हे कळतं.

उंदरांची देखभाल करणारे मामा कन्नड गावचे. रोज वेरूळवरून येणाऱ्या एसटीने यायचे. पिंजऱ्यांच्या एका रांगेला ते बेवडे म्हणत, दुसरीला माळकरी.

बायकोने वजनकाटा दोनदा तपासला. मग एका पिंजऱ्यातल्या भुशात तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा सापडला.

"मामा, हे काय?"

"भाकर हाय, म्याडम."

"कधीपासून देताय?"

"मागच्या हप्त्यापासनं. प्यायचं बेवड्यांनी, अन् उपाशी माळकऱ्यांनी ऱ्हायचं? बाप प्यायचा तवा आमची बी चूल अशीच इझायची."

"मग बेवड्यांना का नाही दिली?" मी विचारलं.

"त्यांना कशाला? ते मजेत हायेत की."

बायकोला हसू आलं. मग ती स्टुलावर बसली. आठ आठवड्यांची मेहनत गेली होती. तिच्या मार्गदर्शक सरांना सांगणं भाग होतं, आणि सांगितलं की मामांची नोकरी जाणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

बुधवारी ती सांगायला गेली, तेव्हा मामा आधीच सरांसमोर उभे होते.

"चूक माझी हाय. म्याडमची नाय," ते म्हणत होते.

सरांनी भाकरीची सगळी हकीकत ऐकली. मग ते बायकोकडे वळले. "पोटभर खाणारा तिसरा गट तुम्ही का ठेवला नव्हता? नुसत्या उपासाने काय बदलतं, ते कशाशी ताडून बघणार?"

तिने वही उघडून तिसरा गट लिहून घेतला.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीच्या परवानगीला काही महिने लागले. पावसाळ्यानंतर प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. त्यात आता दारू नाही आणि खाद्य हवं तेवढं, असा तिसरा गट आहे. मामा कामावर आहेत. तिसऱ्या गटाच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः लिहिल्या. प्रत्येकीवर क्रमांकाखाली निळ्या शाईत एक शब्द आहे: पोटभर.