आक्कांचे सात शत्रू

माझ्या नणंदेइतकी लबाड बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, आणि हे मी रागाच्या भरात लिहिते आहे असं कुणाला वाटत असेल तर ते बरोबर आहे. राग उतरायच्या आत कागदावर यावा म्हणून तर बसले.

आम्ही त्यांना आक्का म्हणतो. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, श्रीपूरला साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर कुंभारीत दोन खोल्या घेऊन एकट्या राहिल्या. बायका या वयात पोथी लावतात, आक्कांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर लढाया लावल्या. खेळ असा, की आपलं एक गाव असतं. गडी लाकडं तोडतात, शेतं पिकवतात, तट बांधतात, मग सैन्य उभं राहतं. समोरची राज्यं कॉम्प्युटर चालवतो, ती किती असावीत हे आपण आधीच सांगायचं. आक्का सात सांगतात. कायम सात. लढाईला बसण्याआधी हातपाय धुतात, पदर खोचतात, आणि मध्येच फोन वाजला तर "वेढा पडलाय, ठेव" एवढं बोलून ठेवून देतात. निळ्या राज्यावर त्यांचा विशेष डोळा. "निळा लई चळवळ्या हाय," असं त्या शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. एकदा त्यांच्या लाकूडतोड्याला जंगलात लांडग्याने खाल्लं, तर त्या दिवशी बाईंनी गोड खाल्लं नाही. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, आक्का माऊस पुजतात. एका वर्षी हळदकुंकू इतकं वाहिलं, की त्याचं बटण आत बसलं ते वर येईना, आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन रद्द करावं लागलं.

हे सगळं मी कौतुकानं सांगत असे. सत्तरी ओलांडलेली बाई सात सात राजांना लोळवते म्हणजे काय.

मग श्रावणात आक्का मोरीत घसरून पडल्या. उठता येईना. सकाळी दूधवाली आली तेव्हा कुठे कुणाला कळलं, तोवर ओल्या फरशीवर तशाच बसून होत्या. मी म्हटलं, बास झालं, आता माझ्याकडे सोलापुरात चला. माझा नवरा जाऊन तीन वर्षं झाली, घरात मी एकटी. आक्का म्हणाल्या, "येते की. पर अट हाय. एक डाव जिंकून दाखव. तू नवखी, तुला सात नगंत, एकच शत्रू घे."

मला वाटलं, किती समजूतदार बाई. मंगळवारी आणि शुक्रवारी मी कुंभारी गाठू लागले आणि तो एकटा शत्रू मला धुऊ लागला. माझे गडी नुसते कुऱ्हाडी उचलतायत, तोवर याचं सगळं सैन्य दारात. तट बांधला तर तट पाडला. दोन महिने मी हरले. आक्का मागे खुर्चीत बसून शेंगदाणे सोलत होत्या आणि "आज जरा जास्त टिकलीस," असं म्हणत होत्या.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी त्या गिरणीत दळण आणायला गेल्या. मी चिडलेलीच होते. म्हटलं, हरायचंच आहे तर सातांकडून हरू, सांगायला तरी बरं. सात घेतले, कोपऱ्यात तट बांधला आणि वाट बघत बसले. कुणी येईना. बघते तर निळा हिरव्यावर गेलेला, हिरवा पिवळ्यावर, लाल दोघांच्या मध्ये सापडलेला. ते एकमेकांना संपवत होते आणि मी ज्वारी पेरत होते. शेवटी एक उरला, तोही लंगडत. त्याला मी चहा पितापिता बुडवलं.

आक्का दळणाचा डबा घेऊन आत आल्या, पडद्याकडे बघितलं आणि डबा खाली ठेवला. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं. सात असले की सोपं जातं, एक असला की तो सगळा आपल्याच अंगावर येतो. तुम्ही मला हरवायला बसवलंत." संतापाने माझा आवाज फाटला होता, पण अहो-जाहो काही सुटलं नाही.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "हे तुला माढ्यातच सांगितलं हुतं की."

सांगितलं होतं. तेव्हा मी बावीस वर्षांची, शहाणपणाचा नुसता गोळा. माढ्याच्या घरात सासू, दोन जावा, चुलत सासू आणि मी. एकदा चटणीच्या शेंगा मी करपवल्या, पण सासूबाई थोरल्या जावेवर घसरल्या, थोरली धाकटीवर, चुलत सासू मधे पडल्या, आणि मी शांतपणे पाटा धुतला. माझी चूक कुणाच्या लक्षातही आली नाही. तरी मला वाटायचं, केवढा हा छळ. रडून भांडून वेगळं बिऱ्हाड मागितलं. सुट्टीवर आलेल्या आक्का तेव्हाच म्हणाल्या होत्या, "मोजून बघ. हितं चारजणी हायत तवर तू सुखात हायस." मी ऐकलं नाही. सोलापुरात आलो, आणि महिन्याभरात सासूबाई ट्रंक घेऊन दारात. पुढची अकरा वर्षं एका करपलेल्या भाकरीची चौकशी तीन दिवस चालायची, आणि आरोपी एकच.

"आता तुज्याकडं आले तर घरात दोघीच," आक्का खाली बघत म्हणाल्या. "माझी जीभ आईवर गेलीया. सगळं तुज्याच अंगावर यील. म्हून म्हटलं, आधी एकाबरबर खेळून बघ. कटाळशील, ये म्हणायची थांबशील."

"मी थांबले का?"

"न्हाय. दर मंगळवारी हजर."

मी त्यांच्या साड्या पिशवीत भरायला घेतल्या. रागातच भरल्या, म्हणून घड्या विस्कटल्या, आणि त्यावरून रिक्षात बसेपर्यंत त्या मला बोलत होत्या.

आता त्या इथे आहेत. चहात साखर जास्त, पंखा जोरात, माझं बोलणं मोठ्याने. सगळं सैन्य माझ्या एकटीवर. काल सकाळी भाकरी करपली. तीन वर्षांत या घरात कितीतरी करपल्या, मी खाल्ल्या आणि ताट धुऊन ठेवलं. काल आतून लगेच आवाज आला, "वास आला की गं. ध्यान कुटं हाय तुझं?" पाठोपाठ आक्का काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी ती भाकरी उतरवली, दुसरी थापून टाकली आणि ती तव्यावर जरा जास्तच वेळ राहू दिली.