ग्रॅनाइटची शीर आणि आमची धाकटी

माझी धाकटी जाऊ स्वभावाने इतकी चांगली आहे की तिच्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही. माझं पोट दुखतं ते त्यामुळेच.

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत कंत्राटावर दगड घासतो. ग्रॅनाइटचा तुकडा काचेवर चिकटवायचा आणि कागदाहून पातळ होईपर्यंत घासायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्टीतून उजेड आरपार जातो. मी हे अठरा वर्षं करतेय. तिला मीच आणलं, मीच शिकवलं. दगडातले गारगोटीचे कण पिवळट दिसले तर पट्टी अजून जाड, राखाडी दिसले की थांबायचं. मला चारदा बघावं लागतं, तिला एकदा पुरतं. दोन वर्षांत प्रयोगशाळेचे सर अवघड दगड तिलाच द्यायला लागले. घरी सासूबाईंचंही तेच, "धाकटीचा हात हलका." अंगाचा नुसता तिळपापड होतो.

मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं ठेवलं. मीही हातचं राखलं. दगडातली शीर कुजून मातीसारखी मऊ झाली असेल, तर घासण्याआधी तुकडा रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या डिंकात, मुरवावा लागतो. हे मी तिला सांगितलं नाही. तसा दगड आला की गुपचूप स्वतःकडे ओढायचे.

यंदा दोघींपैकी एकीलाच कायम करायचं ठरलं. सरांनी एकाच दगडाचे दोन तुकडे दिले. मधून नखाएवढी रुंद हिरवट शीर. गरम पाण्याने ग्रॅनाइट कसा बदलला, ते त्यांना त्या शिरेतच बघायचं होतं. माझा तुकडा आधीच मुरवून झाला होता. धाकटी सरळ घासायला बसली. मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. नाही बोलले.

तिच्या पट्टीत शिरेच्या जागी नुसती भेग उरली. शीर घासण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेली होती. सरांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या.

"रेझिनमध्ये मुरवला नव्हतास? हे तुला कुणी शिकवलं नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, हे मला दिसलं.

"शिकवलं होतं, सर," ती म्हणाली. "माझ्याच डोक्यातून गेलं."

नोकरी मला लागली. घरी येताना बसमध्ये ती शेजारीच बसली.

"ताई, रेझिनमध्ये किती वेळ ठेवायचं हो?"

मी सांगितलं. तिच्या जागी मी असते तर सरांपुढे तसं बोलले असते का? मुळीच नाही. आजवर तिच्या हाताचा हेवा करत होते, तो बरा होता.