भोजलीचं नाव

माझ्या भोजलीचं, म्हणजे जन्माच्या सखीचं, नाव मी एकदा घ्यायला हवं होतं, तेव्हा घेतलं नाही. मग वर्षभर गोंदियाच्या स्टेशनावर ओरडून ओरडून घेतलं. इथं मात्र ते लिहिणार नाही. आता तेवढी तरी शपथ पाळू द्या.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती माणसं आमच्या गल्लीत आली. सिंधमधून निघालेली, कराचीहून बोटीनं मुंबईला, तिथं काही महिने छावणीत, आणि तिथून गाडीनं गोंदियाला. राईस मिलच्या मागं एक रिकामं गोदाम होतं. त्यात पोत्यांचे पडदे टांगून त्यांची बिऱ्हाडं थाटली. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. माहेर बोदलकशाकडचं, धानाची शेती आणि गोठ्यात चार म्हशी. सासर म्हणजे ही गल्ली; आमचे हे मिलमध्ये मशीनवर होते. आणि मी तोंडाची फटकळ, हे आधीच सांगून ठेवते.

गल्लीला विहीर एकच. तिथं आधीच आमची रोज जुंपायची, त्यात ही एवढी माणसं वाढली. दुसऱ्याच सकाळी एक बाई सरळ माझ्यापुढं घागर ठेवून उभी राहिली. माझ्याच वयाची, गोरी, अंगात सलवार. माझं डोकं फिरलं.

"अवं, मांगं हो! आम्ही केव्हाच्या उभ्या हावो, अन् तू काऊन मंधात घुसून राहिली?"

तिनं तिच्या भाषेत तेवढ्याच जोरानं सुनावलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण शिव्याच होत्या यात शंका नाही. दम लागेपर्यंत आम्ही भांडलो. मग तीच आधी हसली, आणि मलाही हसू आवरेना. तिची घागर मीच भरून दिली.

गोदामात ऊन येत नव्हतं, म्हणून त्या बायका पापड लाटायला आमच्या अंगणात बसू लागल्या. मीही पोळपाट घेऊन बसायचे. बोलणं सगळं मोडक्या हिंदीत, आणि विषय एकच: तिकडं काय झालं.

आमचे हे चहाच्या टपरीवर पेपर ऐकून यायचे आणि सांगायचे, "तिकडं हिंदू-मुसलमानांची लढाई झाली." लढाई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं बिरशीचं मैदान यायचं. मोठ्या लढाईच्या काळात तिथं विमानं उतरायची, आणि लहानपणी मी ती बापासोबत जाऊन बघितली होती. खाकी कपडे, टोप्या, शिट्ट्या. म्हणून मी त्या विहिरीवरच्या बाईच्या सासूला विचारलं, "अम्मा, फौज कुठून आली होती?"

म्हातारी पापड उलटवत म्हणाली, "फौज कैसी? जो मेरे दरवाज़े पर आया, उसकी शादी में मैं नाची थी."

घर सोडायच्या दिवशी तिनं अंगण झाडलं होतं. डाळ भिजत घातलेली होती, ती तशीच राहिली. ती डाळ तिच्या मनातून जात नव्हती. घराबद्दल एवढं बोलायची नाही, पण डाळीबद्दल रोज.

एकजण सांगायची, शेजारी मुसलमान होते, त्यांनी वाटेत खायला भाकरी बांधून दिल्या आणि रडत रडत धक्क्यापर्यंत आले. दुसरी सांगायची, शेजारी दारात उभे राहून आमची बाज कुठं ठेवायची ते ठरवत होते. मी चिडायचे. "अवं, एक काय ते खरं सांगा ना!"

तेव्हा ती विहिरीवरची बाई म्हणाली, "दोनों सच. गली एक ही थी."

तिची स्वतःची गोष्ट एका भावाची होती. आईबाप लहानपणीच गेलेले, ही आणि तो, दोघंच. माहेर आणि सासर एकाच गल्लीत. बोटीत त्याचीही जागा होती, पण त्याची म्हैस व्यायला झाली होती. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. चार दिवसांत विईल, मग येतो." तो काही आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. गोदामातले सगळे त्याला येडाच समजायचे. जनावरासाठी कोणी जीव धोक्यात घालतं का? मला मात्र त्याचं वागणं पटकन कळलं. चार म्हशींच्या घरातली मी. गाभण म्हैस दावणीला टाकून माझा बाप लग्नालासुद्धा जात नसे. मी तसं म्हटलं, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या म्हशीबद्दल तिनं मला सगळं सांगितलं. गळ्यात पितळी घंटी, ती एकदा दगडावर आपटून चिरली होती, तेव्हापासून ठण्ण न वाजता थड् थड् वाजायची. गल्लीत कुणालाही न बघता कळायचं, कोणाची म्हैस चालली ते. सासू तिथंच फणकारायची, "अब तो उस लड़के के यहाँ बँधी होगी." तो मुलगा म्हणजे शेजाऱ्याचा थोरला, दाढीवाला. शेवटच्या दिवसांत तो हिच्या दारासमोर येऊन उभा राहायचा आणि हिला नावानं हाक मारायचा. हे सांगताना तिचे हात थांबायचे. ती त्याला अजून भीत होती.

पुढच्या श्रावणात मी तिला भोजली केलं. आमच्याकडं बायका टोपलीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब तळ्यात शिरवतात, पाण्यात सोडून देतात. त्यातले चार कोंब ज्या दोघी एकमेकींच्या कानामागं खोवतात, त्या जन्माच्या भोजली. सख्ख्या बहिणीहून जवळचं नातं, पण एक बंधन. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, जसं नवऱ्याचं घेत नाही तसं. हाक मारायची ती 'भोजली' म्हणूनच. नाव शेवटचं एकदा कानात सांगायचं आणि ते तिथंच ठेवायचं. आदल्या दिवशी राखी होती आणि तिला बांधायला हात नव्हता, म्हणून मी तिला तळ्यावर ओढूनच नेलं. तिनं माझ्या कानात सासरचं नाव सांगितलं नाही, माहेरचं सांगितलं. ते नाव घेणारं इथं कोणी उरलं नव्हतं.

मग आला तो उन्हाळा. भोजली नवऱ्यासोबत छोट्या लाईनीच्या गाडीनं बालाघाटला पापड विकायला गेली होती. टळटळीत दुपार, गोदामातले सगळे पडद्यांआड झोपलेले, गल्लीत चिटपाखरू नाही. दार वाजलं. बाहेर एक उंच, वाळलेला माणूस, दाढी वाढलेली, मळकी सलवार.

"बहनजी, थोड़ा पानी मिलेगा?"

मी तांब्यासाठी वळतच होते. तेवढ्यात त्यानं विचारलं, इथं अमुक राहते का? आणि नाव घेतलं ते माझ्या कानात ठेवलेलं. मी गर्रकन वळले. त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि आतून आवाज आला. थड्.

बापा! माझ्या डोक्यात सगळं एका दमात जुळलं. दाढी. तोंडात तिचं माहेरचं नाव. पिशवीत तिच्या भावाच्या म्हशीची घंटी. हाच तो! म्हैस गिळली, घर गिळलं, आता तिच्या मागावर इथवर आला. तळपायाची आग मस्तकात गेली.

"इधर ऐसा कोई नहीं. चलो, निकलो यहाँ से!"

त्यानं हात जोडले. तो काहीतरी सांगणार होता. मी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. गल्लीच्या टोकापर्यंत ती घंटी ऐकू आली. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा अभिमान वाटला. भोजलीचं नाव राखलं, भोजलीला राखलं.

तिसऱ्या दिवशी ती परतली. मी धावतच गेले आणि कसा हाकलला त्याला ते हातवारे करून सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"कौनसा नाम लिया?"

मी कानाला हात लावला.

"उसके पास क्या था?"

"घंटी. फुटकी. चोर कुठला!"

ती खाली बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "भोजली, जिसके पास भैंस हो, वो घंटी उतारेगा क्यों?"

चार म्हशींच्या घरातली मी! ज्याची म्हैस गोठ्यात आहे, त्याची घंटी म्हशीच्या गळ्यात असते. घंटी पिशवीत घेऊन फिरतो तो, ज्याची म्हैस मागं राहिली. एवढं शेणा-गोठ्यातलं शहाणपण, पण दाढी बघितली आणि सगळं विसरले. मला जमिनीनं गिळावं असं झालं.

आमचे हे आणि तिचा नवरा स्टेशनावर गेले, धर्मशाळेत गेले, बाजारात विचारून आले. गोंदियाहून गाड्या चारी दिशांना जातात. तीन दिवसांत माणूस कुठल्या कुठं गेला असणार. भोजलीनं मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त विहिरीवर यायची वेळ बदलली आणि पापड गोदामातच लाटू लागली, त्या अंधारात. फौज कुठून आली, असं मी म्हातारीला विचारलं होतं. आता मला विचारायची गरज उरली नव्हती.

मी ह्यांचा डबा घेऊन मिलमध्ये जायचे, तिथून मग तशीच स्टेशनावर जाऊ लागले. दुपारच्या पॅसेंजरच्या एकेका डब्याच्या खिडकीशी जायचे आणि भोजलीचं नाव मोठ्यानं घ्यायचे. ते माहेरचं नाव. "हिचा भाऊ आहे का कोणी? ती गोंदियात आहे, राईस मिलच्या मागं!" पहिल्या दिवशी शब्दच फुटेना. शपथ मोडत होते. देवानं मला काय शिक्षा करायची ती करावी, असं म्हणून ओरडले. मग सवय झाली. हमाल हसायचे. लोक डब्यातून डोकी काढून बघायचे.

"लोक येडी म्हणून राहिले तुले," आमचे हे म्हणाले.

"म्हणू द्या. येडीच हाव मी."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पावसाळा गेला, धानाच्या रोवणीला मी माहेरीसुद्धा गेले नाही. हिवाळा गेला. मी आशा सोडली होती, पण जाणं सोडलं नव्हतं. घरी बसून तरी काय करणार होते?

त्या दुपारच्या पॅसेंजरनं कापडाचे गठ्ठे घेऊन फिरणारे सिंधी फेरीवाले ये-जा करायचे. त्यांच्यातल्या एकानं ही गोष्ट बिलासपूरला गंमत म्हणून सांगितली: गोंदियाला एक मराठी बाई आहे, खिडक्या-खिडक्यांत सिंधी नाव ओरडत फिरते. ऐकणाऱ्यांत एकानं विचारलं, कोणतं नाव?

तो आला तेव्हा मी स्टेशनावरच होते, आणि तो माझ्याच बाजूनं निघून गेला. दाढी काढलेली होती, मी ओळखलं नाही. घरी परतले तर गोदामातून रडण्याचा आवाज, हसण्याचा आवाज, आणि मधूनच थड् थड्. कोणाचं तरी पोर ती घंटी वाजवत होतं. मी दारातच थांबले. आत जायला तोंड नव्हतं. भोजलीनं मला पाहिलं, उठून आली आणि मनगटाला धरून आत नेलं. वर्षभरानं तिचा हात लागला. मी तिथंच हुंदके देऊन रडले, लाज न बाळगता.

संध्याकाळभर तो सांगत होता. तिकडं गल्लीत आरडाओरडा सुरू झाला तसा तो आधी ओळखीच्या एका मावशीकडं पळाला. तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. तिनं दार किलकिलं केलं, त्याच्याकडं बघितलं आणि लावून घेतलं. मग त्याला कडब्यात लपवलं ते शेजाऱ्यानं, त्याच दाढीवाल्याच्या बापानं. आणि रोज रोटी आणून द्यायचा तो दाढीवालाच. मग तो मुलगा आमच्या दारात येऊन उभा का राहायचा, हे भोजलीनं विचारलं. भाऊ म्हणाला, सांगायला यायचा की लवकर निघा. तुम्ही कोणी दारच उघडत नव्हता. म्हैस व्याली, पारडी झाली. निघताना त्या मुलानंच घंटी काढून याच्या हातात दिली, आणि वाटेत कोणी ओळखू नये म्हणून आपली सलवारही.

मी म्हणाले, "अन् ते मावशी? तिले काही म्हटलं नाही तुम्ही, नंतर?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं मला ओळखलेलं होतं, मी आत आले तेव्हापासूनच.

"अच्छी औरत थी," तो म्हणाला. "डर गई थी."

मी उठले, घरी गेले, तांब्या घासून भरला आणि आणून त्याच्यापुढं ठेवला. पहिल्यांदा आला होता तेव्हा त्यानं पाणीच मागितलं होतं.