एक मार्क माह्यापाशी

सरकटे बाईंनी शाळेत कोणालाही पूर्ण मार्क दिले नाहीत. गणितं सगळी बरोबर आली तरी वहीवर लाल शाईत दहापैकी नऊच उमटायचे. चौथीत मला असे नऊ मिळाले तेव्हा मी सगळी गणितं पुन्हा करून पाहिली, शेजारच्याच्या वहीशी ताडून पाहिली आणि रडकुंडीला येऊन टेबलापाशी गेलो. "बाई, कुठं चुकलं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठंच नाही चुकलं, रामेश्वर. एक मार्क माह्यापाशी ठेवला. मोठा झाला का येऊन घेऊन जाय."

आता याला काय म्हणायचं! माझं डोकं लहानपणापासूनच लवकर तापतं. मी घरी जाऊन दप्तर आपटलं आणि आईला सांगितलं, बाई मार्क खातात. आईनं मलाच दोन ठेवून दिल्या.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वह्या पाहिल्या आणि भर वर्गात विचारलं, "मॅडम, उत्तर बरोबर आहे तर मार्क का कापला?" बाई म्हणाल्या, "दहा दिले का पोरगं तिथंच बसते, साहेब. थोडी वाढायले जागा ठेवली मी." साहेब म्हणाले, असं नियमात नाही. बाई हो म्हणाल्या, त्यांना चहा दिला, आणि निघताना अगदी आदरानं सांगितलं, "तपासणी चांगली केली तुम्ही. नऊ." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. साहेबही शेवटी हसले, काय करतात!

शाळेबाहेरही हेच. लोणारहून आमच्या बीबी गावाला येणाऱ्या एसटीतून उतरताना त्या ड्रायव्हरला सांगायच्या, "नऊ. ब्रेक जरा हळू दाबत जाय, बापा." लग्नात जेवल्या की आचाऱ्यापर्यंत निरोप जायचा, वरण नऊ. स्वतःला मात्र त्या सहाच्या वर कधी चढू द्यायच्या नाहीत. "आजचे पोहे सहा. मीठ विसरली मी." लोक हसायचे, पण वाटही पाहायचे. कारण बाईंनी नऊ म्हटलं म्हणजे त्यांनी ते काम शेवटपर्यंत नीट पाहिलं आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. असं बघणारं माणूस मला नंतर कोणी भेटलं नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं तर ताठ मानेनं लिहिता येत नाही, आणि ते का, ते सांगायलाच बसलो आहे.

आयटीआय करून मी बीबीत स्टँडजवळ दुकान टाकलं. कूलर, मिक्सर, मोटार, आणि पुढं घरोघरी पाण्याचे फिल्टर आले तसे फिल्टर. आमच्या भागातलं पाणी खारट, त्यामुळे फिल्टरची कामं पुष्कळ. लोक रस्त्यावरूनच हाक मारायचे, "रामेश्वरभाऊ, येऊन जाय ना घरी!" मग कंपनीचं ॲप आलं. फिल्टर बिघडला की गिऱ्हाईक मोबाइलवर बटण दाबणार आणि काम माझ्या मोबाइलवर येणार. कंपनीचे लोक गोड बोलले. मी त्यांचा नोकर नाही, ‘पार्टनर’ आहे, म्हणाले. पगार नाही, सुट्टी नाही, पार्टनर! पण टी-शर्ट कोणत्या रंगाचा घालायचा, दारात उभं राहून काय बोलायचं, कोणत्या घरी किती वेळ थांबायचं, हे सगळं फोन सांगणार. हळूहळू हाका मारणारी माणसंही बटण दाबायला लागली. दुकानात माशा मारत बसण्यापेक्षा मी दुकान सोडलं, पाटी उतरवून घरामागं ठेवली आणि पाठीवर बॅग घेतली.

काम झालं की गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर पाच तारे येतात. त्यांतले किती दाबायचे ते त्यानं ठरवायचं. माझ्या नावापुढचा आकडा साडेचारच्या खाली आला की कामं बंद. म्हणजे काम करून हात धुतले की दुसरं काम सुरू, गयावया करायचं. "ताई, पाच दाबा बरं." चांगला मिशीवाला बाप्या मी, दोन लेकरांचा बाप, लोकांच्या ओट्यावर उभा राहून तारे मागत होतो. पहिल्यांदा मागितले तेव्हा घरी येऊन जेवलो नाही. नंतर निर्ढावलो.

त्यातून आमची माणसं! दुसरबीडला एका काकांचं काम केलं. काका इतके खूश की पाठीवर थाप मारली, "एक नंबर काम केलं बे तू!" आणि एकच तारा दाबला. "काका, हे काय केलं?" काका म्हणाले, "काऊन? एक नंबर म्हटलं तर एकच दाबीन ना? पाच नंबर काम थोडीच केलं तू!" कपाळ माझं! एकदा दाबलेला तारा परत घेता येत नाही.

त्याच आठवड्यात सरकटे बाईंच्या घरचं काम आलं. निवृत्त होऊन त्या लोणारला राहत होत्या. मुलगा पुण्याला असतो, त्यानं आईला फिल्टरही बसवून दिला होता आणि मोबाइलही. दारात मला पाहून बाईंना कोण आनंद झाला. "अगं बाई, रामेश्वर! मिशा आल्या का तुले!" स्टुलावर बसून त्यांनी माझं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. मी उघडलेला एकेक भाग फडक्यावर ओळीनं मांडत होतो. पाणी गाळणारी नवी मेंब्रेन बसवली, सगळे जोड पुसून बोट फिरवून पाहिले. जीव लावून केलेलं काम होतं ते. बाईंनी पाणी पिऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चांगला हाये तुह्या."

पाच मागायची वेळ आली आणि माझी जीभच वळेना. ज्या बाईंपुढं पाटी धरली, त्यांना कसं म्हणू, पूर्ण मार्क द्या? मी बॅग आवरत राहिलो. बाईंनी चार दाबले, फोन माझ्यासमोर धरला आणि लाडानं हसल्या. "एक माह्यापाशी."

मीही हसलो. संध्याकाळी फोनवर आलं, तुमची सेवा तात्पुरती थांबवण्यात येत आहे. काकांचा एक आणि बाईंचा चार मिळून माझा आकडा खाली घसरला होता. आमच्या भागात कामंच मोजकी, त्यामुळे एकेका ताऱ्याचं वजन फार. विचारायला माणूस नाही. फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई बोलते, एक दाबा, दोन दाबा. दुकान गेलेलं, हाका बंद झालेल्या, आता ॲपही बंद. बायकोनं विचारलं तर म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. तिला सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

हे बाईंना कळायचं काही कारण नव्हतं. पण त्यांच्या फिल्टरच्या नेहमीच्या तपासणीला मेहकरकडचा दुसराच कारागीर गेला. बाईंनी त्याला विचारलं, "रामेश्वर काऊन नाही आला?" त्या भल्या माणसानं सांगून टाकलं, तारे कमी पडले म्हणून त्याचं काम बंद झालंय, चारसुद्धा आमच्यात नापासच धरतात.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात छत्री घेऊन बाई माझ्या दारात. एसटीनं आल्या होत्या. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाल्या, "माह्यामुळं का रे?"

"नाही हो बाई."

"खोटं बोलू नको. तुले शाळेतबी जमत नव्हतं."

बाईंचा चेहरा असा झाला की मला बघवेना. एखाद्या पोरीला वर्गाबाहेर उभं केल्यावर ती बघते ना, तशा त्या खाली बघत होत्या. "मले वाटे, मी जागा ठेवून राह्यली. तुह्या घरची भाकर होती रे त्याच्यात. मले माहीत नव्हतं, रामेश्वर." असं त्या दोनदा म्हणाल्या. मी शिक्षकाला माफी मागताना कधी पाहिलं नव्हतं. देवा, ती वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्याच ओसरीवर मला बसायला जागा पुरेना.

तिथूनच त्यांनी कंपनीला फोन लावला. रेकॉर्डवरची बाई बोलायला लागली तशा सरकटे बाई तिला समजावू लागल्या, "अहो, आयका ना जरा. मी रिटायर मास्तरीण बोलून राह्यली. पोरगं चांगलं हाये, चूक माह्यी हाये." ती म्हणाली, मराठीसाठी दोन दाबा. बाईंनी दोन दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

काही दिवसांनी कंपनीनं आपणहूनच एक परीक्षा पाठवली, मोबाइलवरच द्यायची. ग्राहक रागावला तर काय कराल, असले प्रश्न. फोननं मला दहापैकी दहा दिले. आयुष्यात पहिल्यांदा दहापैकी दहा, आणि ते फोनकडून! काम पुन्हा सुरू झालं, पण सुरुवातीची सगळी कामं पाच ताऱ्यांची झाली पाहिजेत, नाहीतर कायमचं बंद, अशी अट होती.

हे मी बाईंना सांगायला नको होतं. त्यांनी आपल्या गल्लीत ज्यांच्याकडे फिल्टर आहे त्यांना गाठून काम काढायला लावलं, आणि मी जाईन त्या घरी स्वतः येऊन उभ्या राहू लागल्या. "पाच देजो गं. पूर्ण देजो." त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बाया चकित होऊन हसायच्या, "बाई, तुम्ही सांगता पूर्ण द्या? आमाले तर कधी दिले नाही!" बाई पदराशी चाळा करायच्या. "हाव, चुकलंच माह्यं," म्हणायच्या. मी बॅग घेऊन बाजूला उभा. त्यांना हात धरून घरी न्यावं, असं मनात यायचं. पण मला तारे हवे होते, म्हणून मी उभाच राहिलो.

माझा आकडा वर गेला. कामं इतकी आली की फोन हातात लाल व्हायला लागला, म्हणजे पुढच्या घरी उशीर होतोय. अशातच बाईंच्या फिल्टरचं काम आलं. पाहिलं तर जोडातली रबराची रिंग गेलेली. नवी रिंग माझ्या बॅगेत नव्हती. ती आणून बसवायची तर बाजारात जाऊन यावं लागणार, आणि पुढचं काम दुसरबीडला, फोनवर लाल आकडे पळतायत. मी त्याच रिंगवर पांढरी टेप गुंडाळली आणि जोड आवळून टाकला. म्हटलं, पुढच्या वेळी येईन तेव्हा बदलू. बाईच तर आहेत, त्या काय म्हणणार?

त्या दिवशी बाई स्टुलावर बसल्या नाहीत. माझ्या हातांकडे त्यांनी पाहिलंच नाही. मोबाइल तयार ठेवून त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं, बाई."

तेवढ्यात जोडाखाली पाण्याचा एक थेंब जमला आणि ओट्यावर पडला. मी पाहिला. बाईंनीही पाहिला. आमची नजरानजर झाली, आणि माझ्याआधी त्यांनीच नजर काढून घेतली. पदरानं त्यांनी ओटा पुसला, पाच तारे दाबले आणि फोन माझ्यापुढं धरला. "पाह्य, पूर्ण दिले." आवाज असा की जणू मीच त्यांना शिक्षा करणार होतो. बाई, कापा ना एक, नाहीतर सगळे कापा, असं ओरडावंसं वाटलं. माझा फोन टुणकन वाजला, तारे जमा झाले होते. मी पाया पडलो आणि पळालो.

रिंग आणली होती मी. बॅगेच्या कप्प्यात ती फिरत राहिली. लोणारला गेलो की दर वेळी म्हणायचो, आज जाऊ. बाईंच्या घरचं काम फोनवर येत नव्हतं, आणि जे फोनवर येत नाही त्याला मला आता वेळ नव्हता. मग एके दिवशी गल्लीतल्या एका बाईचा फोन आला, सरकटे बाई गेल्या. झोपेतच गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. बाहेर मांडवात बुद्धवंदना चालू होती. पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेलो. फिल्टरखाली, बरोबर त्या जोडाखाली, एक स्टीलची वाटी ठेवलेली होती. अर्धी भरलेली. मागून बाईंचा मुलगा आला. "ते गळतंय कधीचं. मी आईला किती वेळा म्हटलं, ॲपवर तक्रार टाक. तर म्हणे, नको, पोराचे मार्क जातात."

मी बॅग आणली, टेप सोडवली, नवी रिंग बसवली. जोड पुसून बोट फिरवलं, शाळेतल्यासारखं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. थेंब येईना. वाटी धुऊन पालथी घातली. मुलगा भला माणूस. त्यानं आईचा मोबाइल काढला. "भाऊ, याची नोंद करू ना? पाच देतो तुम्हाला."

"नका देऊ," मी म्हटलं. "बाईंनी आधीच जास्तीचे दिलेत."