एकट्यापुरती कॉफी
दळलेल्या कॉफीचा वास आला की वडील माझ्या कॅफेत पहिल्यांदा आले होते ती दुपार आठवते. मशीनच्या एका कपाच्या बास्केटमधून, म्हणजे कॉफीची पूड भरायच्या छोट्या गाळणीतून, मला एस्प्रेसो साधत नव्हती. पाणी कडेनं पळायचं आणि कॉफी आंबट उतरायची. म्हणून मी नेहमीसारखी दोन कपांची बास्केट लावली, एक कप त्यांना दिला आणि दुसरा बेसिनमध्ये ओतला. “एकट्यापुरती जमत नाय व्हय?” त्यांनी बेसिनकडं बघत विचारलं. “तुझी माय गेल्यावर मलाबी जमंना. रोज दोघांचीच भाजी व्हायची.” त्याच आठवड्यात मी त्यांना खुलताबादहून माझ्या घरी आणलं. गेल्या वर्षी तेही गेले. एका कपाची कॉफी आता मला छान जमते, थोडी बारीक दळली की झालं. घरी भात मात्र अजून दोघांचाच शिजतो.