शेवंताताई आणि जीपची थरथर

शेवंताताई जीप चालू करत आणि मुख्य रस्ता येईपर्यंत कुणाला बोलू देत नसत. मागे पाड्यावरच्या बायका असोत, आमच्या डॉक्टरबाई असोत, नाहीतर दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे नाईककाका. अंबरनाथ पूर्वेला आमच्या दवाखान्याच्या फाटकातून जीप बाहेर पडली की ताईंचा डावा हात वर जायचा आणि गाडीत सामसूम व्हायची. खिडकीची काच खाली, मान जराशी बाहेर, डोळे रस्त्यावर. रेडिओ त्यांनी कधीच काढून टाकला होता. मुख्य रस्त्याला लागलो की हात खाली यायचा. "बोला आता," त्या म्हणायच्या, आणि पुढे सगळ्यात जास्त त्याच बोलायच्या.

मी तिथे नर्स म्हणून नवीन लागले होते तेव्हा मला हे नाटक वाटलं. पहिल्याच दिवशी मी त्यांचा हात न बघता लसींच्या डब्याबद्दल काहीतरी बोलत राहिले. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "सिस्टर, तू पेशंटच्या छातीला नळी लावतेस, तवा मी बाजूला गानी म्हंते का?" त्यानंतर मी कधी बोलले नाही.

पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या बाई. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कपाळावर मोठं कुंकू, दातांना मिश्री. बारवी धरणाच्या रस्त्याला आत त्यांचं गाव, थोडी भातशेती. नवऱ्याचा भाजीचा टेम्पो होता. त्याचे गुडघे गेले तेव्हा ताईंनी टेम्पो हातात घेतला आणि बरीच वर्षं उल्हासनगरच्या बाजारात भाजी पोचवली. पुढे दवाखान्याला ड्रायव्हर हवा होता, तेव्हा त्या स्वतःहून येऊन उभ्या राहिल्या. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. आपण चांगलं चालवतो हे त्यांना माहीत होतं आणि दुसऱ्यालाही ते माहीत असावं अशी त्यांची अपेक्षा असे. कुणी फोटो काढायला लागलं की आधी जीप पुसायच्या, मग बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

जीप जुनी होती, पण बारवीच्या पलीकडच्या पाड्यांना तिच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आम्ही आठवड्यातून काही दिवस तिकडे जायचो, तपासण्या करायचो, आणि येताना ज्या बायकांना सोनोग्राफी किंवा बाळंतपणासाठी न्यायचं असेल त्यांना बदलापूरच्या सरकारी रुग्णालयात सोडायचो.

एका वर्षी भाताची कापणी उरकली होती त्या सुमाराची गोष्ट. पाड्यावरून परतताना ताई एकदम बोलायच्या थांबल्या. मला म्हणाल्या, "पायाखाली काय लागतंय का तुला?" मला काहीच लागत नव्हतं. त्यांनी मला चप्पल काढून तळवा जीपच्या पत्र्यावर टेकवायला सांगितलं. तेव्हा कळली ती थरथर. बारीक, मुंग्या आल्यासारखी. तिच्यासोबत खालून घरघर येत होती आणि मध्येच बंद पडत होती.

अंबरनाथ पश्चिमेच्या गॅरेजमध्ये त्यांनी चाकं तपासून घेतली. सगळं ठीक होतं. नाईककाका म्हणाले, जुनी गाडी आहे, थोडीफार वाजणारच. ताईंनी मात्र छातीठोकपणे सांगितलं की मागच्या चाकाचं बेरिंग गेलंय. त्यांच्या शब्दावर ते बदललं. दवाखान्यापासून स्टेशनच्या पुलापर्यंत त्यांनी गाडी फिरवून आणली, थरथर गेली होती. नाईककाकांनी त्यांचं कौतुक केलं, त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पाड्यावरून बायका घेऊन निघालो. त्यात सविता होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. तिची सोनोग्राफी त्याच दिवशी होणं गरजेचं होतं. सोबत तिची सासू होती. उतार संपून सपाट रस्ता लागला आणि पत्रा पुन्हा थरथरायला लागला. ताईंनी जीप कडेला लावली, उतरून खाली वाकून पाहिलं, पुन्हा चढल्या, थोडी चालवली, पुन्हा थांबवली. मग मागे येऊन त्यांनी सगळ्यांना उतरायला सांगितलं.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हिचा रक्तदाब वाढलेला आहे, हळूहळू का होईना पण गाडी न्या. त्या म्हणाल्या की नेमकं काय झालंय ते त्यांना कळत नाही, आणि कळत नाही तोवर त्या दोन जिवांच्या बाईला आत बसवणार नाहीत. दुपारच्या उन्हात आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. सविताची सासू ताईंना नाही नाही ते बोलली. ताई तेवढा वेळ अंगावरचा शर्ट काढून त्याची सावली सविताच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. शेवटी विटांचा एक रिकामा टेम्पो मिळाला. सविताला पुढे बसवून आम्ही बदलापूरला पोचलो तेव्हा सोनोग्राफीची वेळ संपली होती. तपासणी न होताच तिला परतावं लागलं. मी त्या दिवशी ताईंशी बोलले नाही.

नाईककाका सहसा आवाज चढवत नसत. त्या संध्याकाळी चढवला. गॅरेजने गाडी ठीक आहे म्हणून सांगितलंय, तुम्ही सांगितलेलं बेरिंगही बदललंय, आता तुम्ही पेशंटला रस्त्यात उतरवता, असं चालणार असेल तर दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल, असं ते म्हणाले. मला वाटलं ताई भांडतील. त्या म्हणाल्या, "बेरिंगचं मी चुकले. ते चांगलं व्हतं, उगा बदललं. दुसरा मानूस आना, माझी ना नाय. पन त्याला आधी सांगा, का खाली काय तरी सुटतंय." मग थोडं थांबून त्यांनी एक दिवस मागितला. नाईककाकांनी तो दिला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी गेले तर जीप फाटकात उभी आणि मागे बायकांच्या जागी भाताची पोती. घरचं नवं भात त्यांनी पहाटे लादून आणलं होतं. मला म्हणाल्या, "चल, तुझा पाय पायजे मला." माझा राग गेला नव्हता, तरी मी गेले. ताईंचं म्हणणं असं की आपण सगळे आवाज कुठून येतो हे शोधत बसलो. "कुठून येतो ते नंतर. आदी कवा येतो ते इचारायचं. कवा येत नाय ते पन इचारायचं."

बारवीच्या सपाट रस्त्यावर मी अनवाणी तळवा पत्र्यावर टेकवून बसले आणि त्या चालवत राहिल्या. आधी त्यांनी गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन जोरात फिरवलं. थरथर नाही. म्हणजे इंजिन नव्हे. मग वेग धरला, थरथर आली. त्याच वेगात त्यांनी गिअर काढून घेतला आणि गाडी तशीच धावू दिली. थरथर जवळजवळ गेली. "चाकं तेवढीच पळतात ना अजून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग चाकांचा दोष नाय." पुन्हा गिअर टाकला, पुन्हा मुंग्या. मग आम्ही दोघींनी पोती उतरवून एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर रचली आणि रिकामी गाडी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने नेली. काहीच नाही, एकदम गुळगुळीत. पोती परत चढवली, थरथर परत आली. तोवर माझा राग कधी उतरला ते माझं मलाच कळलं नाही. पुढचा प्रश्न त्या काय विचारतात याची मी वाट बघत होते.

ओट्यावर बसून पाणी पिताना त्यांनी मला समजावलं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा नेतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखे लोखंडी सांधे असतात, ते क्रॉस. गाडीत वजन आलं की मागची बाजू दबते आणि शाफ्ट थोडा वेगळ्या कोनात फिरतो. दुखणं त्याच कोनात होतं. परवा रिकामी जीप पुलापर्यंत नेऊन आपण फसलो, असं त्या म्हणाल्या. ती चूक त्यांना फार लागली होती.

आम्ही तशाच पोत्यांसकट उल्हासनगरला गेलो. तिथल्या कॅम्प एक वस्तीत लालचंदभाई म्हणून एक सिंधी मेकॅनिक होते, भाजीच्या टेम्पोच्या दिवसांपासून ताईंचे ओळखीचे. त्यांनी जीप जॅकवर उचलली, शाफ्ट हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, "भाभी, एकदम टाइट है. इसमें कुछ नहीं." ताईंनी त्यांना जीप खाली घ्यायला लावली. चाकं जमिनीवर, पोती आत, आणि माणूस खालच्या खड्ड्यात, असं बघायचं, हा त्यांचा हट्ट. लालचंदभाई कुरकुरत खड्ड्यात उतरले. थोड्या वेळाने खालून एक बारीक टक् असा आवाज आला. मग परत टक्. त्यांनी खालूनच पाना मागितला.

वर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर खोललेला सांधा होता. त्याच्या एका वाटीत सुईसारख्या बारीक सळया असतात, त्यांच्यावर तो फिरतो. त्या सळयांचा कुंकवासारखा लाल भुगा झाला होता. लालचंदभाई हळूच म्हणाले, "ये उतार पे छूटता, तो शाफ्ट रोड में घुसता. गाड़ी पलट जाती, भाभी."

ताईंनी तो भुगा बोटाने चाळवून पाहिला. मला वाटलं आता त्या मिरवतील. पण त्या तिथल्या बाकड्यावर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. बेरिंग बदललं तेव्हाच नीट तपासलं असतं तर त्या पोरीला उन्हात उभं करावं लागलं नसतं, एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा जाणवलं, त्या भ्यायल्या होत्या. काल रस्त्यावर त्या एवढ्या ठाम उभ्या होत्या, तेव्हाही भ्यालेल्याच असणार.

नवा क्रॉस बसवला. तरी त्यांनी पोती उतरवू दिली नाहीत. भरल्या गाडीने बारवीपर्यंत जाऊन आल्यावरच त्यांनी नाईककाकांना गाडी तयार आहे असं सांगितलं. नाईककाकांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. ताईंनी ती मिळवलेल्या वस्तूसारखी घेतली आणि पुढे महिनाभर येईल त्याला ती हकिकत सांगितली, दर वेळी बेरिंगच्या चुकीसकट.

सविताला त्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. भर उन्हाची वेळ, रक्तदाब चढलेला. ताईंनी पाड्याच्या त्या उतारावरून जीप इतकी सांभाळून आणि तरी इतक्या वेगात उतरवली की मागे सलाइन धरून बसलेली मी कुठे आदळले नाही. बदलापूरला पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. मुलगी झाली, दोघीही सुखरूप. पुढच्या खेपेला सविताची सासू रानातले कंद, उकडलेले करांदे, घेऊन जीपपाशी आली. करांदे सीटवर ठेवले आणि वळून गेली. ताईंनी ते मला एकटीला खाऊ दिले नाहीत.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही एकत्र फिरलो. मधल्या काळात मलाही मुलगी झाली. मग एक दिवस, ओपीडीच्या वेळेत, बायकांच्या रांगेत मला शेवंताताई उभ्या दिसल्या. गाडीची पाळी नव्हती. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आज पेशंट हाय मी." संध्याकाळच्या वेळी समोरची माणसं धुरकट दिसतात, कालपरवा रस्त्यात आलेली म्हैस किती लांब आहे याचा अंदाज चुकला, असं त्यांनी सांगितलं. कुणालाच हे कळलं नव्हतं. साखर तपासली, ती फार वाढलेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने पडदा खराब झालाय, उपचारांनी आहे तेवढं टिकेल, दिवसाउजेडी सांभाळून चालवलंत तर हरकत नसावी.

तो कागद घेऊन त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. मीही तेच म्हणाले, दिवसाच चालवा, आम्ही सोबत असतोच. मला त्या जायला नको होत्या. त्यांनी मला बोलू दिलं. मग विचारलं, "सिस्टर, तुझी लेक बसवशील माझ्या गाडीत? उतारावर?"

मी तो कागद पुन्हा वाचायला घेतला. त्या माझ्या तोंडाकडे, दिसत होतं तेवढं, बघत होत्या.

"झालं मंग. दुसरा मानूस आना आता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. डोळ्यांत थेंब दिवसातून किती वेळा घालायचे ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि बाहेर गेल्या. औषधाच्या खिडकीपाशी पाड्यावरच्या बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून बाकावर जागा केली, आणि शेवंताताई त्यांच्यात बसून आपल्या नंबरची वाट बघू लागल्या.