आत्याने रंगवलेली भिंत

आत्या बोलते ती ओठांत टाचण्या धरून. त्यामुळे तिचं अर्धं बोलणं तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून निघतं आणि ओठ मिटून म्हणायची अक्षरं वाटेतच गळतात. "सरळ उभी राहा, पाय हलवू नकोस" याचं "सरळ उही राहा, आय हलवू नकोस" होतं. गिऱ्हाइकांना सवय आहे. नवीन कपडा ती शिवत नाही. पॅन्टची उंची कमी करणं, चेन बदलणं, कमरेत सैल करणं, एवढंच काम. "शिवणारे ढीगभर आहेत गं," ती म्हणते, "पण माणसं जाड व्हायची थांबत नाहीत, तोवर मला मरण नाही."

तिला बसलेली क्वचितच कुणी बघितली असेल. मशीनवर बसते, तेही एक पाय दाराकडे करून. जेवते उभ्याने, चहा पिते खिडकीशी, भांडते जिन्यात. तिचे यजमान सात वर्षांपूर्वी "आलोच" म्हणून गेले, ते अजून येतच आहेत. आजोबांनी दोन भावंडांना घर वाटून दिलं तेव्हा वरच्या दोन खोल्या माझ्या बाबांना आल्या आणि खालच्या दोन आत्याला. खालच्या खोल्यांबरोबर जमिनीतली ओलही तिच्याच वाटणीला आली. तिथे ती आणि तिची आठ वर्षांची मुलगी राहतात. मुलीला आम्ही पिपाणी म्हणतो, कारण ती श्वास घेते तेव्हा छातीत तेच वाद्य वाजतं.

आमच्या भागात एक संस्था आहे. तिचं नाव इतकं लांब आहे की पाटीवर दोन ओळींत मावत नाही. म्हणून सगळे तिला 'चार टेबलं' म्हणतात. लाकडाच्या वखारीमागे एक हॉल, त्यात ओळीने चार टेबलं: शिक्षण, कमाई, तब्येत आणि घर. टेबलांमागे बसणारी माणसं इथलीच, कुणी निवृत्त, कुणी दुकान नोकरावर सोडून आलेलं. "तू कुठल्या टेबलाला?" असं इथे सहज विचारतात, शाळेत तुकडी विचारावी तसं.

आत्या आधी दुसऱ्या टेबलाला होती. तिचं पायाचं मशीन मोडलं, तेव्हा कमाईच्या टेबलावरच्या बाईंनी तिला विजेचं मशीन दिलं आणि अट घातली की सहा महिने दोन मुलींना काम शिकवायचं. आत्याने शिकवलं. "ते दान नाही, अदलाबदल आहे," ती अजून सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. मग पिपाणीला पहिल्या टेबलाने संध्याकाळच्या वर्गात घेतलं. तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी महिन्याभरात निरोप पाठवला: "मुलगी वाचनात पास, हजेरीत नापास. वीस दिवसांत अकरा दिवस गैरहजर. का?" का, तर खोकला. गुरुजींनी तिला तिसऱ्या टेबलाकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना बोलायला वेळ नसतो. छाती तपासून त्यांनी एवढंच विचारलं, "झोपते कुठे?"

"भिंतीशी."

"भिंत ओली?"

आत्या दाराकडे बघायला लागली.

"श्वासाचा पंप देते. पण पंप मुलीला आणि पाणी भिंतीला, हे किती दिवस? थंडीच्या आत भिंत बरी करा. चौथं टेबल. पुढचे!"

इथे आत्याची गाडी अडली. मशीन म्हणजे अदलाबदल. शाळेत सगळ्यांचीच मुलं जातात. आजारी तर कुणीही पडतं. पण घर? "घराचं गाऱ्हाणं परक्यापुढे मांडायचं म्हणजे..." हे वाक्य तिने आमच्याकडे येऊन दहादा सुरू केलं आणि दहादा अर्धं टाकून खाली गेली. शेवटी एका पहाटे पिपाणीला श्वासच घेता येईना, तेव्हा तिने त्याच सकाळी अर्ज दिला.

चौथ्या टेबलाची पद्धत अशी: मोजणीकाका घरी येतात, बघतात, विचारतात आणि अहवाल लिहितात. शनिवारी समिती बसते. थंडीच्या आधी आठ घरं होतात, बाकीची पुढच्या वर्षी. मोजणीकाका जन्मभर गवंडीकाम केलेले. खिशात कायम मोजपट्टी, आणि प्रत्येक वाक्याआधी "म्हणजे बघा".

ते मंगळवारी सकाळी येणार होते. आत्याने रविवारी रंगाऱ्याकडून उरलेला अर्धा डबा आणला आणि भिंत पिस्ता रंगाने रंगवून टाकली. परका माणूस घरात येणार आणि भिंतीला पोपडे? पोपडे खरवडले, वर रंग. शेजाऱ्यांचा पडदा आला, आमच्या दोन खुर्च्या खाली गेल्या, पिपाणीची गादी वर आमच्याकडे आली. पिपाणीचीही तयारी झाली.

"काका आले की खोकायचं नाही."

"आणि खोकला आला तर?"

"तर गिळायचा."

मंगळवारी मी स्टुलावर उभी होते. शाळेच्या स्कर्टची खालची पट्टी सोडून लांबी वाढवायची होती आणि घेरभर टाचण्या लागल्या होत्या. हललं की टोचायचं, त्यामुळे मला पळता आलं नाही. सगळं बघावं लागलं.

काका नाकाला रुमाल लावून आले. "म्हणजे बघा, वहिनी, ओल कुठाय?"

"ओल?" आत्याने असं विचारलं की जणू हा शब्द आपल्या भाषेत नवीनच आला होता. "असते जराशी. सगळ्यांकडेच असते."

"ही भिंत?"

"ही? कोरडीठाक!"

"मुलगी रात्री उठते का?"

"छे. एकदा पडली की सकाळीच."

कोपऱ्यातली पिपाणी लाल झाली, मग जांभळी झाली, मग तोंड दाबून बाहेर धावली. जिन्याखालून भांड्यांची रास कोसळल्यासारखा आवाज आला.

"कोण खोकतंय?"

"शेजारचे," आत्या म्हणाली. "विड्या फार ओढतात हो."

शेजारचे त्या क्षणी दारात उभे होते, आपला पडदा कसा दिसतोय ते बघत. विडी त्यांनी जन्मात ओढलेली नाही. पण माणूस गुणी. त्यांनी लगेच दोनदा खोकून दाखवलं.

"म्हणजे बघा, मग अर्ज कशासाठी?"

"असाच," आत्या म्हणाली. "दिला आपला. चहा घेता ना?"

काकांनी चहा घेतला, चार ओळी लिहिल्या, आणि घर छान ठेवलंय म्हणून गेले. आत्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "काय म्हणाले ऐकलंस? छान ठेवलंय म्हणाले!" मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. आपण काय करून बसलो, हे तिला पायांकडून डोक्याकडे कळत गेलं असावं, कारण आधी ती खोलीभर फिरायला लागली.

बाबा खाली आले. "झालं? काय सांगितलंस?"

"जे चारचौघांत सांगतात ते. झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा."

"अगं, पण आपण हात पसरायला गेलो होतो ना? मूठ झाकून हात पसरतात का?"

बुधवारी तिने एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड केला. गुरुवारी पिस्ता रंगाला फोड आले. ती दर तासाला जाऊन भिंतीवर हात ठेवायची, ताप बघावा तसा, आणि हात पुसत परत यायची. त्याच दुपारी शाळेतून फोन आला: मुलीला घेऊन जा, श्वास लागलाय. पंप दोनदा मारावा लागला. घरी आणताना पिपाणी म्हणाली, "आई, मी गिळायला बघत होते गं." चौकातून आत्या इतकी भरभर चालली की मुलगी सोबत आहे हे विसरून पुढे गेली आणि पुन्हा मागे आली.

शुक्रवारी आम्ही तिघी हॉलवर गेलो. पिपाणीचा वर्गही तिथेच असतो. आत्या सरळ चौथ्या टेबलाकडे जाईल तर ती आत्या कसली? आधी कमाईच्या बाईंना मशीन किती छान चालतं ते सांगितलं. मग गुरुजींना हजेरीबद्दल विचारलं, जी तिला पाठ होती. मग डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"भिंत?" त्या म्हणाल्या.

"तिकडेच चाललेय."

"तिकडे म्हणजे तिकडे. इथे नाही. पुढचे!"

चौथ्या टेबलावर एक कॉलेजातली मुलगी आणि समितीचे चष्मेवाले होते. मोजणीकाका टोकाला बसून मोजपट्टी गुंडाळत होते. मुलीने अहवाल वाचून दाखवला: "घर सुस्थितीत. भिंत कोरडी, रंग चांगला. मदतीची गरज दिसत नाही."

"ते चुकलंय," आत्या म्हणाली.

चष्मेवाल्यांनी मान हलवली. "वाटलंच मला. काकांचं आता वय झालं. गेल्या महिन्यातही एका घराचं छप्परच बघायचं राहिलं. बाई, तुम्ही फक्त म्हणा, की त्यांनी नीट बघितलं नाही. आम्ही उद्या सकाळी दुसरा माणूस पाठवतो. काकांनाही आता विश्रांती द्यायलाच हवी."

काकांच्या हातातली मोजपट्टी थांबली. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर दिला. हो म्हणायचं होतं फक्त. भिंत झाली असती, अब्रू राहिली असती, आणि एक म्हातारा घरी बसला असता, तो तसाही कधीतरी बसणारच होता.

"त्यांनी बघितलं," ती म्हणाली. "मीच दाखवलं नाही. मी रविवारी रंग लावला वरून. भिंत ओली आहे. हात लावला की भुगा निघतो. मुलगी रात्री चारदा उठते, आणि मी तुमच्यासमोर खोटं बोलले, काका."

तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे अक्षर न् अक्षर हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. बाकीच्या तिन्ही टेबलांवरची डोकी इकडे वळली. आत्याचे कान लालबुंद.

"रंग?" काका म्हणाले. "रविवारी लावला? म्हणजे बघा, वास कसा नाही आला मला..." त्यांनी विचार केला. "हां. सर्दी होती." मग उठले. "चला."

"आत्ता? उद्या या ना, मी जरा..."

"वहिनी, तुमच्या त्या 'जरा'ची धास्ती घेतलीय मी. आत्ता."

वाटेत ती पुढे धावायला बघत होती आणि काका "माझ्या मागे, माझ्या मागे" करत होते. दार उघडलं. गादी तशीच पसरलेली, दोरीवर कपडे, खरकटी भांडी, जमिनीवर कापडांचे तुकडे. आत्याने गादीकडे हात नेला. "राहू द्या," काका म्हणाले. तिने हात मागे घेतला आणि कुठे ठेवावा हे न कळून दोरीवरचा टॉवेल घट्ट धरला.

काकांनी भिंतीवर पंजा टेकला. रंगाची साय त्यांच्या हाताबरोबर निघून आली. नखाने टोकरलं तर गिलावा चहात बुडलेल्या बिस्किटासारखा खाली आला. जमिनीपासून मोजपट्टी धरली, ओल खांद्यापर्यंत चढली होती. पलीकडे स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या भिंतीलाही हात लावला. मग पुन्हा तेच प्रश्न विचारले, आणि आत्याने एकेक उत्तर दात उपटून द्यावं तसं दिलं.

"म्हणजे बघा, नव्याने लिहितो," काका म्हणाले. "पण आठ घरं ठरलीत. नववं घ्यायचं तर उद्या तुम्ही स्वतः समितीपुढे यायचं आणि आज बोललात ते बोलायचं."

"सगळ्यांसमोर?"

"आज काय कानात बोललात?"

शनिवारी समितीचे पाच जण ओळीने बसले होते, डॉक्टरीणबाईही त्यांत. आत्या उभी राहून बोलली. खुर्ची दिली होती, तिने तिची पाठ नुसती धरून ठेवली. रंगापासून शेजाऱ्यांच्या विड्यांपर्यंत सगळं सांगितलं. विड्यांवर डॉक्टरीणबाई हसल्या, त्या हसतात हे तेव्हा कळलं. पाच जणांनी आपापसात कुजबुज केली. चष्मेवाले म्हणाले, "ठीक. नववं घर. मुलगी झोपते ती भिंत. बुधवारपासून गवंडी येतील. झालं?"

आमच्याबरोबर आलेले बाबा निघायला उठले. मीही.

"आणि स्वयंपाकघराची?" आत्या म्हणाली.

"स्वयंपाकघराची काय?"

"ती पण ओली आहे. या भिंतीला लागूनच आहे. काकांनी काल बघितलीय, विचारा."

"बाई, एका वर्षी एका घराची एक भिंत, असा आपला नियम आहे."

"असेल. पण हे त्या पाण्याला कोण सांगणार?" तिने खुर्ची सोडली आणि टेबलाच्या आणखी जवळ गेली. "ही बरी केली की ते तिकडून येणार. मग पुढच्या वर्षी मी पुन्हा इथे, तुम्ही पुन्हा इथे, आणि मुलगी पुन्हा तिसऱ्या टेबलाला. सांगा, कुणाचं काम वाढतंय?"

पाचही जण मोजणीकाकांकडे बघायला लागले. काकांनी खिशातून मोजपट्टी काढली.